गाणं लागलं तेव्हा हात कशात होते

अर्नाळ्याला बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते. जाळं ओढताना दोर हाताला गुंडाळला गेला आणि उजवा हात कामातून गेला. बोटं राहिली, पण मूठ वळेना. मूठ न वळणाऱ्या माणसाला बोटीवर कोण घेणार? बाबांचा वाटा बंद झाला तशी आईच्या टोपलीतली मासळीही बंद झाली. एक पावसाळा कसाबसा काढला आणि आम्ही विरारच्या मनवेलपाड्याला, चाळीतल्या एका खोलीत राहायला आलो. बाबांना एका बिल्डिंगीत वॉचमनचं काम मिळालं. आई खडे चिकटवायला लागली.

खडे म्हणजे काचेचे. आमच्या भागात नकली दागिन्यांचं काम घरोघरी चालतं. शेठचा माणूस कानातल्यांचे पितळी साचे आणि खड्यांची पाकिटं देऊन जातो. दोन ट्यूबमधला गोंद पुठ्ठ्यावर कालवायचा, काडीने साच्याच्या खळग्यात थेंब ठेवायचा, त्यावर खडा बसवायचा. गोंद एकदा कालवला की वाळायच्या आत संपवावा लागतो, नाहीतर तो फुकट, आणि गोंद आपल्याच पैशांनी आणलेला. त्या गोंदाने आईच्या बोटांची कातडी इतकी गुळगुळीत झाली की रेशन दुकानातलं मशीन तिचा अंगठा ओळखेना. दुकानदार म्हणायचा, "मावशी, पुसून लावा." आई साडीला अंगठा पुसून परत लावायची. मागे रांग. कधी धान्य मिळायचं, कधी "उद्या या". आपला अंगठा आपलाच आहे हे ती मशीनला पटवून देत उभी असायची आणि मी पिशवी धरून शेजारी. आमची परिस्थिती कशी होती असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते.

खडे लावायला तीन बायका गॅलरीत एकत्र बसायच्या. आई, शेजारच्या साताऱ्याकडच्या काकू आणि समोरच्या खोलीतली जौनपूरची भाभी. मध्ये काकूंचा रेडिओ. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी रेडिओचं बटण फिरवायचं काम माझ्याकडे. कारण सरळ होतं. त्या तिघींचे हात गोंदाने भरलेले आणि माझे कोरडे. रेडिओला एकदा गोंद लागला होता तेव्हा काकूंनी तो सुईने खरवडून काढला होता आणि त्या दिवसापासून भरल्या हाताने रेडिओला शिवायचं नाही असा त्यांचा नियम झाला.

दुपारी एक जॉकी यायचा. त्याचा आवाज जड होता आणि गाणी बहुतेक विरहाची.

"आज बायकूसंगं भांडून आलाय त्यो," काकू म्हणायच्या. "सुरू झाल्यापासनं रडतोय."

"नहीं दीदी, इसका तो ब्याह ही नहीं हुआ," भाभी म्हणायची. "आवाज से पता चलता है."

"कसलं ब्याह नि काय," आई खडा बसवता बसवता बोलायची. "त्याच्या डब्यात आज सुकं बोंबील नाय, म्हनून तो असली गानी लावतो."

मला हसू यायचं, पण प्रश्न खरा वाटायचा. हेच गाणं का? आत्ताच का? माझी समजूत अशी होती, की जॉकीच्या मागे मोठं कपाट असणार, त्यात जगातली सगळी गाणी, आणि तो मनाला येईल तसा हात घालून एक काढत असणार. अशी नोकरी करणाऱ्या माणसाइतकं सुखी कोणी नसेल असं मला वाटायचं. कपाट बघायची मला फार इच्छा होती.

आमच्याकडे दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी विरारच्या कॉलेजात मास मीडिया घेतलं. बाबांना ते काय असतं हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "रेडिओत नोकरी लागेल का यातून?" मी म्हटलं, लागू शकते. "मग घे," म्हणाले. पदवी मिळाली त्या दिवशी आईने शेजारी पेढे वाटले आणि प्रत्येक घरी, कोणी विचारलं नसताना, सांगितलं, "बीए झाली. पास नाय, फस्ट क्लास." खोटं कशाला बोलू, मलाही ते ऐकायला आवडत होतं. मी त्यासाठी मेहनत केली होती.

पुढे मुंबईतल्या एका एफएम केंद्रात मला करारावर काम मिळालं. पहिल्याच आठवड्यात मी कपाट शोधलं. कपाट नव्हतं. जॉकी गाणी निवडत नाही हेही तिथेच कळलं. संगीत विभागाच्या प्रमुख मॅडम होत्या. त्यांच्या भिंतीवर एक मोठं वर्तुळ चिकटवलेलं होतं, भाकरीचे तुकडे करावेत तसं भागलेलं. ते एका तासाचं चित्र. तासाच्या सुरुवातीला नवं आणि चालणारं गाणं, मग थोडं जुनं, मग जाहिराती, मग ओळखीचं, मग बोलणं. कोणत्या तुकड्यात कोणत्या जातीचं गाणं बसतं हे मॅडमनी ठरवलेलं. त्या जातीतलं नेमकं कोणतं गाणं, ते कॉम्प्युटर सुचवतो आणि एकच गाणं लगेच परत येऊ देत नाही. मग मॅडम सगळं एकदा नजरेखालून घालतात आणि जॉकीसमोर तयार यादी येते. त्याने बोलायचं आणि यादीप्रमाणे जायचं.

"मग तुम्ही काय निवडता?" मी दुपारच्या जॉकीला विचारलं. हा जॉकी माझ्या शाळेच्या दिवसांतला नव्हे. तरुण होता, पण दुपार तीच आणि गाणीही साधारण त्याच वळणाची.

"एक गाणं," तो म्हणाला. "तीन तासांत एक. ते मी आणतो. मॅडमशी भांडून मिळवलेली जागा आहे ती. बाकी मी पोस्टमन."

त्या एका गाण्यासाठी तो सकाळपासून कानाला हेडफोन लावून बसलेला असायचा. कुठलीशी नवी मुलगी, नुसत्या पेटीवर म्हटलेलं मराठी गाणं, जे कोणाला ठाऊक नाही, असं काहीतरी तो शोधून काढायचा. ते वाजलं की श्रोते घटतात, असं मॅडमचं म्हणणं. घटले तर घटू देत, असं त्याचं.

माझं काम फोनवरचं होतं. श्रोत्यांना फोन करायचा, गाण्याचा सगळ्यात ओळखीचा तुकडा ऐकवायचा आणि पाचपैकी गुण विचारायचे. त्यावरून गाणं ठेवायचं की काढायचं हे ठरायचं. लोक प्रेमाने बोलायचे. कोणी तुकडा ऐकून पुढचं गाणं स्वतःच म्हणायचं. एका आजोबांनी मला सगळ्या गाण्यांना पाच दिले आणि म्हणाले, "तू फोन केलास ना, म्हणून."

दुपारच्या कार्यक्रमात मात्र एक कोडं होतं. घरी असणाऱ्या बायकांना आम्ही जुनी, संथ, विरहाची गाणी ऐकवली की त्या भरभरून गुण द्यायच्या. म्हणून दुपारी तीच गाणी. तरी जेवणं आटोपल्यावर, दोनच्या सुमारास, ऐकणारे केंद्र सोडून जात होते. वरच्या साहेबांनी दुपारचा कार्यक्रम बंद करून तिथे सकाळच्याच गप्पा परत लावायचं ठरवत आणलं होतं. माझा करारही संपत आला होता. मॅडमनी मला बोलावलं.

"आवडतं म्हणतात आणि निघून जातात. का? हे शोधून दे," त्या म्हणाल्या. "दुपार वाचली तर मला दुपारची गाणी लावायला एक माणूस कायमचं लागेल. नाही वाचली, तर तुझा करार पुढे करायला माझ्याकडे कारण नाही. स्पष्ट सांगते."

मला स्पष्ट बोलणारी माणसं आवडतात. पण घरी येताना मी हिशेबच करत होते. बाबांची वॉचमनकी गेली होती. माझ्या पगारावर घर होतं आणि आई अजून खडे लावत होती. मी कायम झाले तर आईचं गोंदाचं काम थांबवायचं, हे मी मनात ठरवलेलं होतं. तिला बोलले नव्हते.

रविवारी मी घरातच परीक्षा घेतली. तिघींना फोनवरून ऐकवतो तेच तुकडे ऐकवले. संथ गाण्यांवर आईने डोळे मिटले.

"याला पाच. असली गानी आता कोन करतं?"

"माझंबी पाचच," काकू म्हणाल्या. "आमचं लगीन झालं तवाचं हाय."

भाभीने तर साडेपाच देऊ का विचारलं.

म्हणजे माझ्या आईचं उत्तर सगळ्या शहरासारखंच. मी चक्रावले. मग मंगळवारी रजा काढली आणि दुपारभर गॅलरीत नुसती बसले. हातात काम घेतलं नाही, बोललेही नाही. आई दोनदा म्हणाली, "काय गो, बरं नाय वाटत?"

जेवणं झाली. भांडी घासून तिघी आल्या. हात धुतलेले, कोरडे. रेडिओवर आमचंच केंद्र, आमच्याच यादीतलं एक संथ गाणं. ज्याला परवा पाच मिळाले होते ते. आईने गोंदाच्या ट्यूबा काढल्या. काकूंनी पुठ्ठा मांडला. आणि गोंद कालवायच्या आधी काकूंनी हात लांब करून बटण फिरवलं.

"का बदललंत?" मी विचारलं.

"आता गोंद कालवायचा," काकू म्हणाल्या.

"मग?"

"मग काय मग? ते गानं ऐकत बसले तर मना झोप येल," आई म्हणाली. "हात भरल्यावर बटन कोन फिरवनार? तू हापिसात. तवा आधीच बघून ठेवायचं."

"पण परवा तुम्ही पाच दिलेत त्याला!"

"गानं चांगलंच हाय," आई माझ्यावरच चिडली. "चांगल्या गान्याला वाईट बोलू काय?"

मी उठून उभी राहिले. त्या तिघी गोंद वाळेपर्यंत त्या दुसऱ्या केंद्रावरच राहिल्या. तिथे मध्ये एक भिकार गाणं लागलं, तिघींनी त्याला शिव्या घातल्या, पण हात गोंदात. कोणी बदललं नाही. गोंद संपला, हात रॉकेलने पुसले, साबणाने धुतले, तेव्हा पुन्हा काकूंचा हात बटणाकडे गेला. म्हणजे दिवसभरात त्या केंद्र निवडायच्या फक्त हात मोकळे असताना, आणि तेव्हा जे वाजत असेल त्यावरून.

आम्ही फोनवर विचारत होतो, गाणं आवडतं का. कोण नाही म्हणेल?

दुसऱ्या दिवसापासून मी फोनवरच्या माझ्या प्रश्नांत आणखी एक वाढवला. दुपारी गाणं लागतं तेव्हा तुमचे हात कशात असतात? लोक आधी हसायचे, मग सांगायचे. भुईगावची एक बाई म्हणाली, पिठात, ऑर्डरचे लाडू वळते. पाचूबंदरची एक म्हणाली, कोलंबी सोलते. कोणी शिलाई मशीनवर, कोणी दुसऱ्याच्या केसांना मेंदी लावण्यात. एक रिक्षावाला म्हणाला, "हँडलवर असायला पाहिजेत ना, मॅडम." दुपारी शहर झोपतं ही आमच्या केंद्राची कल्पना होती. निदान ज्यांच्याशी मी बोलले ते झोपत नव्हते. जेवून उठल्यावर ते पुन्हा हात भरायच्या तयारीत होते आणि त्याच वेळी आम्ही त्यांना अंगाई लावत होतो.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. उठून भिंतीवरच्या वर्तुळासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "एक आठवडा देते," म्हणाल्या. "यादी तू लाव."

सोमवारी मी उत्साहात वेगवान गाणी लावली. लग्नाच्या वरातीत वाजतात तशी. काम करणाऱ्याला वेग हवा, असा माझा हिशेब. संध्याकाळी आईचा फोन आला.

"काय लावलंस गो तू? भाभी नाचायला उठली ती तिचा पाय थेट पुठ्ठ्यावर. आख्खा गोंद लादीला!"

मागून काकूंचा आवाज आला, "तिला सांगा, माझं निम्मं खडं तिरकं बसल्यात म्हनून. हात गान्याच्या मागनं पळतोय!"

केंद्राच्या ॲपवरून ऐकणाऱ्यांचे आकडेही तेच सांगत होते. मी रात्री जेवणानंतर आईला काडी हातात घेऊन बसवलं आणि ती नेहमीच्या गतीने खडे कसे लावते ते बघत मांडीवर ठेका धरला. थेंब, खडा, दाब. थेंब, खडा, दाब. घाई नव्हती आणि ढिलाईही नव्हती. आई म्हणाली, "कॉलेज शिकून हे काय चाललंय?" मी म्हटलं, नोकरी चाललीय. त्या ठेक्यात बसणारी आणि शब्द सगळ्यांना पाठ असलेली गाणी मी शोधली. पाठ असलं की गाणं डोक्याला काम लावत नाही, तोंड आपोआप गुणगुणतं. दोन वाजण्याच्या आसपास, हात मोकळे असताना, त्यातली सगळ्यात खात्रीची दोन ठेवली.

राहिला जॉकीच्या त्या एका गाण्याचा प्रश्न. मॅडम म्हणाल्या, आठवडाभर ते काढ. जॉकी माझ्या टेबलापाशी आला.

"माझी एकच जागा होती," तो म्हणाला. "तीपण खाल्लीस?"

"खाल्ली नाही. हलवते," मी म्हटलं. "तुमचं गाणं इतके दिवस दोनच्या सुमारास लागायचं. बायका बटणाला हात लावून बसलेल्या असायच्या. मी ते अडीचच्या पुढे नेते. तोवर सगळ्यांचे हात भरलेले असतात. उठून कोणी बदलत नाही."

त्याने विचारलं, "म्हणजे सुटता येत नाही म्हणून ऐकतील?"

"हो."

"हा माझा सत्कार आहे की अपमान?"

"ते मला माहीत नाही. पण गाणं बदललं जाणार नाही. आणि एक करा, रोज नवं आणू नका. आठवडाभर तेच आणा."

त्याला ते पटलं नव्हतं, पण दुसरा मार्गही नव्हता. मॅडमना मी म्हटलं, जबाबदारी माझी. त्या म्हणाल्या, "जबाबदारी तुझीच आहे, ते वेगळं सांगायला नको."

मंगळवारी जॉकीचं गाणं, एका नव्या मुलीने नुसत्या पेटीवर म्हटलेलं, लागलं तेव्हा गॅलरीत काय झालं ते मला आईने सांगितलं. काकू ओरडल्या, "अगं बंद करा कुनीतरी ते!" भाभी म्हणाली, "कौन करे? हाथ देखो." आईने कोपराने प्रयत्न केला आणि रेडिओ आडवा झाला, पण गाणं चालूच. शेवटी तिघींनी ते संपेपर्यंत त्या मुलीची टिंगल केली. बुधवारी टिंगल थोडी कमी झाली. गुरुवारी काकूंनी विचारलं, ही पोरगी कुठली असेल गं, आवाजावरून आमच्याकडची वाटते. शनिवारी मी घरी होते. गाणं सुरू झालं तशी भाभी, जिला त्यातले निम्मे शब्द कळत नव्हते, चालीवर मान डोलवायला लागली आणि आई तोंडातल्या तोंडात म्हणत होती. मी आईला विचारलं, याला किती गुण?

"नवीन गान्याला एकदम पाच कसं देनार?" ती म्हणाली. "चार घाल."

मला त्या दिवशी समजलं, की माणसाला एखादं गाणं आवडतं ते नेमकं कधी, हे मला अजून समजलेलं नाही. आधी आवडतं आणि मग माणूस ते ऐकतो, की ऐकत ऐकत आवडायला लागतं? कोणी बळजबरीने ऐकवलं तर ती आवड खरी म्हणायची की नाही? जॉकीला हे विचारलं तर तो म्हणाला, त्याला बालपणी मंदिराच्या भोंग्याने असंच बळजबरीने गाणं आवडायला लावलं होतं, आणि तेव्हापासून तो गाण्याच्या मागे लागला. मॅडम म्हणाल्या, हे असले प्रश्न पडले की माणूस या धंद्यात टिकतो. मी अजून लोकांना विचारत असते. बाजारात कोळणीला विचारते, पार्लरमध्ये विचारते. उत्तरं रोज वेगळी मिळतात.

दोननंतर श्रोते सोडून जाण्याचं प्रमाण त्या आठवड्यात कमी झालं. मॅडमनी आठवड्याचे दोन महिने करून घेतले आणि ते कमीच राहिलं. जॉकीला तीन तासांत एकाऐवजी तीन जागा मिळाल्या, तिन्ही जागा हात भरलेले असतात त्या वेळेतल्या. पेटीवरच्या गाण्याची मागणी करणारे फोन केंद्रात यायला लागले तेव्हा तो प्रत्येक फोन स्वतः घ्यायचा आणि समोरच्याला गाण्याचं नाव पुन्हा म्हणायला लावायचा.

दुपारचा कार्यक्रम बंद झाला नाही. केंद्राने मला कायम केलं, आणि आईने खड्यांचं शेवटचं पाकीट शेठच्या माणसाला परत दिलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. मुंबईपासून विरारपर्यंत दुपारी दोन ते पाच त्या केंद्रावर कोणतं गाणं कधी वाजेल, हे आता मी ठरवते.